डिपेंडंट व्हिसावर जपानला निघताना

पुण्याहून एका मैत्रिणीने लिहिले आहे:

‘माझे वय 33. एका सहकारी बँकेत नऊ वर्षे नोकरी करते आहे. नवऱ्याला त्याची कंपनी तीन वर्षांसाठी टोकियोला पाठवते आहे आणि मला डिपेंडंट व्हिसावर त्याच्यासोबत जाता येईल. तो फार आनंदात आहे. मला मात्र रात्र रात्र झोप लागत नाही. मागच्या दिवाळीत आम्ही दहा दिवस व्हिएतनामला गेलो होतो. तिकिटे, हॉटेले, कुठे किती वेळ थांबायचे, सगळे त्यानेच ठरवले होते. चौथ्या दिवशी होई आनमध्ये आमचे इतके बिनसले की पुढचे सहा दिवस आम्ही कामापुरतेच बोललो. दहा दिवस धड एकत्र काढता आले नाहीत, तर परक्या देशात तीन वर्षे कशी निघणार? शिवाय त्याचे म्हणणे असे की तिथे काटकसर करून इथल्या फ्लॅटचे कर्ज फेडायचे. माझे म्हणणे, एवढे लांब जायचेच तर तो देश तरी पाहावा. नोकरी सोडू का? जाऊ का?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी दोन-तीनदा वाचले. ‘सगळे त्यानेच ठरवले होते,’ असे तुम्ही ओघात लिहून गेला आहात आणि लगेच भांडणाकडे वळला आहात. पण होई आनमधले ते बिनसणे आणि आज टोकियोची वाटणारी धास्ती, या दोन्हींचे मूळ मला त्या एका वाक्यात दिसते. प्रवासात नकाशा, तिकिटे, पैसे आणि वेळापत्रक एकाच्याच हाती असले की तो वाटाड्या होतो आणि दुसरा त्याच्या मागून चालत राहतो. वाटाड्याला वाटते की एवढे राबूनही कौतुकाचा एक शब्द कानावर पडत नाही. मागून चालणाऱ्याला वाटते की माझे पाय दुखतात हेसुद्धा इथे परवानगी घेऊन सांगावे लागते. टोकियोत हीच मांडणी तीन वर्षे चालेल आणि तिथे तिला कागदोपत्री आधारही मिळेल. ज्याला आपण डिपेंडंट व्हिसा म्हणतो त्याचे जपानी नाव ‘काझोकु ताइझाइ’, म्हणजे कुटुंबाचे वास्तव्य, असे सौम्य आहे. पण पतीचा व्हिसा संपला की तुमचाही आधार संपतो, हा त्याचा अर्थ काही सौम्य नाही.

तरीही माझे उत्तर ‘जा’ असेच आहे. मी स्वतः याच व्हिसावर 2008 ते 2015 अशी सात वर्षे यजमानांबरोबर टोकियोच्या एदोगावा वॉर्डात राहिले. त्यातले पहिले वर्ष कसे गेले हे आठवून, आणि ते तुमच्या वाट्याला तसेच येऊ नये म्हणून, मी हे सविस्तर लिहिते आहे.

जपानी माणूस घराबाहेर पडताना ‘इत्तेकिमासु’ म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’ असा आहे. आपल्याकडेही ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात, त्यामुळे हा शब्द मला पहिल्याच आठवड्यात आपला वाटला. घरात मागे राहणाऱ्याने त्यावर ‘इत्तेराश्शाई’, म्हणजे ‘जाऊन ये’, असे म्हणायचे असते. आमच्या घरात पहिले दहा महिने ‘इत्तेकिमासु’ फक्त यजमान म्हणत आणि ‘इत्तेराश्शाई’ फक्त मी म्हणत असे. दार बंद झाले की दोन खोल्यांचे ते घर, खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची वाळत घातलेली अंथरुणे आणि रात्री साडेनऊपर्यंतचा वेळ एवढे माझ्यापुढे उरत असे. यजमान दमून येत आणि त्यांना बोलायला नको वाटे. मी दिवसभर कोणाशीही बोललेली नसे आणि मला बोलायचे असे. आमची भांडणे वरवर दुधाच्या पिशवीवरून किंवा हीटरच्या बिलावरून होत. खरे पाहता ती या एकाच कारणाने होत. ज्या दिवशी दाराशी उभे राहून मी प्रथम ‘इत्तेकिमासु’ म्हटले आणि आतून यजमानांनी उत्तर दिले, तो दिवस मला तारखेसह आठवतो. मी फक्त वॉर्डाच्या सामुदायिक केंद्रातल्या जपानीच्या वर्गाला निघाले होते.

म्हणून पहिली गोष्ट भाषेची, आणि ती पुण्यातच सुरू करा. जपानी शिकण्यासाठी पुण्याइतके सोयीचे शहर भारतात थोडेच असेल. रानडे इन्स्टिट्यूट किंवा टिळक महाराष्ट्र विद्यापीठ ही नावे तुम्हाला ठाऊक असतीलच, आणि डिसेंबरमधली जेएलपीटी ही जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा पुण्यातच देता येते. मराठी माणसाला या भाषेत एक मोठी सवलत आहे, ती म्हणजे वाक्याची रचना. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी आणि विभक्तीचे काम करणारे प्रत्यय शब्दाच्या मागे, हे सगळे आपल्यासारखेच आहे. ‘हो ना’ मधला ‘ना’ तर ‘ने’ होऊन त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी भेटतो. त्यांची अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न ही वर्णमालाही बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून आलेली आहे, त्यामुळे तिचा क्रम पाहून ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटते. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्या, प्रत्येकी 46 मूळ अक्षरांच्या, महिनाभरात येतात. कांजी, म्हणजे चिनीतून घेतलेली अक्षरे, मात्र दोन हजारांहून अधिक आहेत. त्यांच्यापुढे हात टेकायला हरकत नाही. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या पुड्या आणि कचऱ्याचे वेळापत्रक वाचता येईल इतकी कांजी शिका, बाकीची आपोआप येत राहतात.

कचऱ्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. जळणारा कचरा कोणत्या वारी, न जळणारा कोणत्या वारी, बाटल्या व डबे कधी, कागद कधी, आणि पिशवी कावळ्यांपासून वाचवायला जाळीखाली ठेवायची, हे शिकताना माझी शेजारच्या आजींशी ओळख झाली. चुकीच्या दिवशी ठेवलेली माझी पिशवी त्यांनी उचलून दारात आणून दिली तेव्हा मला अपमान वाटला होता. दुसऱ्या दिवशी त्या वॉर्डाचा सचित्र तक्ता घेऊन आल्या आणि जमिनीवर बसून त्यांनी मला तो पाऊण तास समजावला. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि मला जपानी. तरी सगळे कळले.

आता कागदांविषयी. नारिता किंवा हानेदा विमानतळावर उतरताच तुम्हाला तुमचे स्वतःचे ‘झाइर्यू कार्ड’, म्हणजे वास्तव्याचे ओळखपत्र, मिळेल. राहण्याचा पत्ता ठरल्यापासून 14 दिवसांच्या आत वॉर्ड कार्यालयात जाऊन त्याची नोंद करावी लागते. तिथे पतीबरोबर जा, पण अर्ज तुमच्या हाताने भरा. डिपेंडंटच्या कार्डावर ‘काम करण्यास मनाई’ असे छापलेले असते. ते वाचून मन खट्टू होते. पण इमिग्रेशन कार्यालयात एक वेगळा अर्ज केला की आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करण्याची परवानगी मिळू शकते आणि तसा शिक्का कार्डाच्या मागच्या बाजूस मारून देतात. या अर्जाला शुल्क नाही. काम लगेच करायचे नसले तरी हा अर्ज पहिल्या महिन्यातच करा, असा माझा आग्रह आहे. पुढे तुमच्या शिक्षणाला साजेशी पूर्णवेळ नोकरी मिळालीच, तर वास्तव्याचा प्रकार बदलून स्वतःचा नोकरीचा व्हिसा घेण्याचा मार्गही खुला असतो. बँकेतला नऊ वर्षांचा अनुभव आणि कामापुरती जपानी एवढ्या भांडवलावर तो अशक्य नाही, मात्र त्यासाठी भाषेला दोन वर्षे द्यावी लागतील.

स्वतःच्या नावाचे बँक खाते उघडा. नवागतांना पहिले सहा महिने काही बँका नकार देतात. टपाल खात्यातून निघालेल्या युचो बँकेत अनेकांचे काम होते. आणि स्वतःचा ‘हांको’ करून घ्या. हांको म्हणजे सहीच्या जागी उठवायचा नावाचा छोटा शिक्का; आता त्याची गरज बरीच कमी झाली आहे, तरी तो करून घ्यावा असे मला वाटते. मी माझ्या हांकोवर आडनावाऐवजी स्वतःचे नाव काताकानात कोरून घेतले होते. तो शिक्का आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

नोकरीचा प्रश्न तुम्ही ‘सोडू का’ असा विचारला आहे. राजीनाम्याआधी बिनपगारी दीर्घ रजेचा अर्ज करा आणि उत्तर लेखी घ्या. नियमात तीन वर्षे बसत नसतील तर एक वर्ष मागा. परतीची वाट वर्षभर उघडी आहे एवढ्या जाणिवेनेही पहिल्या हिवाळ्यातली घालमेल पुष्कळ कमी होते. रजा नाकारली गेली तर राजीनामा द्या. पण तो तुम्ही दोघांनी मिळून घेतलेला निर्णय आहे असे पतीने तुमच्या आणि त्यांच्या आईवडिलांसमोर बोलून दाखवले पाहिजे. पुढे कधीतरी ‘तुझ्यासाठी मी नोकरी सोडली’ आणि ‘मी कुठे सांगितले होते’ ही दोन वाक्ये समोरासमोर येतात. ती अनेक घरांत मी ऐकली आहेत, एकदा आमच्याही.

घर कुठे घ्यावे हे तुम्ही विचारलेले नाही, पण तो प्रश्न लवकरच येईल. तोझाई या मेट्रो मार्गावरचे निशिकासाई हे भारतीयांचे जुने ठिकाण आहे. 2000 सालच्या आसपास संगणक अभियंते तिथे येऊ लागले, कारण ओतेमाची-निहोनबाशी भागातली कार्यालये त्या मार्गावर थेट येतात. तिथे कणीक मिळते, तूरडाळ मिळते, आसपास भारतीय शाळा आहेत आणि मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात भेटणारी माणसे शेजारीच राहतात. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. या सगळ्याचा आधार जरूर घ्या. फक्त एक सांगते: तिथे एकही जपानी शब्द न बोलता तीन वर्षे काढता येतात, आणि तशी काढलेल्या भगिनी मी पाहिल्या आहेत. त्या परतल्या तेव्हा त्यांच्यापाशी टोकियोविषयी सांगण्यासारखे काही नव्हते. खासगी घरमालकाकडे घर घेताना अनामतीशिवाय ‘रेइकिन’ नावाची परत न मिळणारी रक्कम, दलाली आणि हमीदार कंपनीचे शुल्क मिळून सुरुवातीलाच चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतका खर्च येऊ शकतो. यूआर या सरकारी संस्थेच्या वसाहतींत रेइकिन, दलाली आणि हमीदार या तिन्ही गोष्टी लागत नाहीत, म्हणून तिथे आधी चौकशी करा.

11 मार्च 2011 रोजी दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी घरी एकटी होते. त्याची तीव्रता 9.0 होती आणि केंद्र ईशान्येला समुद्रात, टोकियोपासून दूर होते. तरी आमच्या कपाटातली सगळी भांडी खाली आली. फोन लागेना, रेल्वे बंद. यजमान ओतेमाचीहून सुमिदा आणि आराकावा या दोन नद्यांचे पूल ओलांडत पायी निघाले आणि रात्री दहाला घरी पोहोचले. तोवर मला त्यांचा ठावठिकाणा नव्हता आणि त्यांना माझा. त्या सात तासांत मला धीर दिला तो कचऱ्याच्या तक्त्याच्या आजींनी. त्यांनी मला हाताला धरून शाळेच्या मैदानावर नेले आणि घोंगडीत स्वतःशेजारी बसवले. त्या दिवशी मला कळले की वाईट वेळी कुठे भेटायचे हे आम्ही दोघांनी कधी ठरवलेच नव्हते. तुम्ही घरात राहायला जाल त्याच आठवड्यात हे ठरवा. तुमच्या भागाचे निवाऱ्याचे ठिकाण कोणते, ते दोघांनी चालत जाऊन पाहा. आपत्तीच्या वेळी निरोप ठेवण्यासाठी 171 हा क्रमांक असतो, तो पाठ करा. तीन दिवसांचे पाणी घरात ठेवा. पोलिसांसाठी 110 आणि रुग्णवाहिकेसाठी 119. एदोगावाचा मोठा भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे, त्यामुळे वॉर्ड कार्यालयाकडून पुराचा नकाशाही मागून घ्या.

आता प्रवास. आम्हीही व्हिएतनामला गेलो होतो, 2012 मध्ये, आणि ह्युएहून दानांगकडे जाणाऱ्या आगगाडीत आम्हीही भांडलो. हाइ वान घाटात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र होता. यजमान छायाचित्रे काढायला उठबस करत होते आणि मला खिडकीशी स्वस्थ बसायचे होते. होई आनला पोहोचल्यावर आम्ही एक प्रयोग केला. एक दिवस वेगळे फिरायचे आणि संध्याकाळी नदीकाठच्या पुलाजवळ सहाला भेटायचे. यजमान ‘मी सोन’ या ठिकाणची, जुन्या चाम राजांची शिवमंदिरे पाहायला गेले. मी गावातच हिंडले आणि ‘चाय’ असे लिहिलेली पाटी शोधून जेवले. या शब्दाचा तिथला अर्थ शाकाहारी असा आहे. चांद्रमासाच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला अनेक व्हिएतनामी लोक शाकाहार पाळतात, म्हणून अशी खानावळ सापडणे अवघड नसते. संध्याकाळी आम्हा दोघांकडेही एकमेकांना सांगण्यासारखे काहीतरी होते. लग्नाच्या अकरा वर्षांत प्रवासात असे प्रथमच घडले. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या सहलीत एक अर्धा दिवस वेगळा ठेवायचा आणि बाकीचे दिवस आलटून पालटून एकेकाने ठरवायचे, असा आमचा नियम झाला. ज्याचा दिवस असेल त्याने तिकिटे काढायची, पैसे सांभाळायचे आणि चुकीच्या गाडीत बसवले तर दुसऱ्याने ते मुकाट्याने सोसायचे. शेवटचे कलम पाळणे यजमानांना जड गेले, पण त्यांनी ते पाळले.

तुमच्या पतीच्या काटकसरीच्या आग्रहात तथ्य आहे, हेही मला स्पष्ट लिहिले पाहिजे. स्थानिक करारावर पगार असेल तर दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर रहिवासी कर सुरू होतो. तो उत्पन्नाच्या साधारण दहा टक्के असतो आणि त्याची कल्पना नसलेल्या कुटुंबांची घडी विसकटते. विमा असला तरी दवाखान्यात 30 टक्के रक्कम आपण भरायची असते. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे. कंपनी त्यांना भारतातल्या नोकरीवर ठेवूनच पाठवत असेल तर भविष्यनिर्वाह निधी इथेच चालू राहून तिथली पेन्शनची वर्गणी वाचू शकते, हे त्यांनी आधीच विचारून घ्यावे. कर्जासाठी दरमहा किती पाठवायचे ते दोघांनी बसून ठरवा, मग प्रवासासाठी एक वेगळी रक्कम ठरवा, आणि ती तुमच्या खात्यात जमा होऊ द्या. बँकेत नऊ वर्षे काम केलेल्या व्यक्तीने घरचा हिशेब नवऱ्याकडे सोपवून बसावे हे मला पटत नाही.

परदेशी पर्यटकांसाठीचा जेआर पास, म्हणजे जपानी रेल्वेचा सवलतीचा पास, तुम्हाला मिळणार नाही, कारण तुम्ही रहिवासी असाल. पण ‘सेइशुन जूहाची किप्पू’ नावाचे एक हंगामी तिकीट असते. नावात अठरा वर्षांचा उल्लेख असला तरी ते कोणत्याही वयाच्या माणसाला मिळते आणि त्यावर ठरावीक सलग दिवस साध्या गाड्यांनी देशभर जाता येते. शिनकानसेन या बुलेट ट्रेनने टोकियोहून क्योतो सव्वादोन तासांत येते, साध्या गाड्यांनी जवळजवळ सगळा दिवस जातो; पण तो दिवस डबा उघडून शेजाऱ्यांशी बोलत जातो. तशाच गाड्यांनी पुढे ओकायामाला जा. तिथली कोराकुएन बाग पाहताना तुम्हाला सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान आठवेल, कारण ते तिच्याच धर्तीवर केले आहे. कोयासान या डोंगरावरच्या मठांत एक रात्र राहा. नवव्या शतकात कूकाई या आचार्यांनी तिथे मठ स्थापला आणि तिथले ‘शोजिन र्योरी’ हे मठातले जेवण पूर्ण शाकाहारी असते. एरवी जपानात साध्या दिसणाऱ्या सुपातही सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, त्यामुळे तुम्ही शाकाहारी असाल तर ‘दाशी’ हा शब्द आधी शिका. एप्रिलअखेरचा गोल्डन वीक हा सुट्ट्यांचा आठवडा, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन हा पितरांचा सण आणि नवे वर्ष, या तीन वेळा मात्र टोकियोतच थांबा. सगळा देश तेव्हा प्रवासात असतो आणि दर दुपटीला जातात.

पहिली सहल तुम्ही आखा आणि ती छोटी ठेवा. टोकियोहून तासाभरावर कामाकुरा आहे. तिथला तेराव्या शतकातला कांस्याचा महाबुद्ध उघड्या आभाळाखाली बसलेला आहे, आणि स्थानकापासून अर्ध्या तासाच्या चालीवर डोंगराच्या कुशीत ‘झेनिआराइ बेंतेन’ नावाचे देवस्थान आहे. बेंतेन म्हणजे आपली सरस्वती. तिथल्या गुहेतल्या झऱ्याच्या पाण्यात लोक टोपलीत ठेवून पैसे धुतात. धुतलेला पैसा खर्च केला की तो अनेक पटींनी परत येतो, अशी तिथली श्रद्धा आहे. त्या दिवशी वाट तुम्ही दाखवा, आणि धुवायचे पैसे तुमच्या पाकिटातून काढा.